व्हिस्कस म्हणजे चिकट का? शब्दाचं मूळ आणि डब्यावर छापायचा मराठी शब्द

मुठेकाठ
रंग आणि चिकटवायच्या सोल्यूशनच्या वापराची एक पुस्तिका मराठीत करायची आहे. वाचणार भोसरी-चाकणकडचे पेंट शॉपवाले आणि फर्निचरचे कारागीर. मूळ इंग्रजीत व्हिस्कस, स्टिकी आणि टॅकी हे तीन शब्द आलटून पालटून येतात आणि कोश उघडला की तिन्हींसमोर ‘चिकट’ हजर. एका पानावर ‘माल फार व्हिस्कस वाटला तर थिनर घाला’, पुढच्या पानावर ‘पृष्ठभाग टॅकी झाल्याशिवाय जोडू नका’. दोन्हीकडे चिकट लिहिलं तर कारागीर ऐन जोडायच्या वेळी थिनर ओतणार.
दोन प्रश्न आहेत. व्हिस्कस मुळात आला कुठून? आणि त्याला मराठीत काय लिहावं? व्हिस्कॉसिटीसाठीचा पाठ्यपुस्तकी ‘श्यानता’ ठाऊक आहे, तो कृपया सुचवू नये. डब्यावर छापायचं आहे, प्रबंध लिहायचा नाही.

कोशातला किडा
मूळ लॅटिन. विस्कुम म्हणजे युरोपात सफरचंद, पॉप्लर वगैरे झाडांवर वाढणारं पांढऱ्या फळांचं बांडगूळ. त्या फळांपासून पक्षी धरण्यासाठी जो चीक करत, त्यालाही विस्कुमच म्हणत. ग्रीकमध्ये इक्सोस या शब्दाचेही हेच दोन अर्थ. पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्यावरून विस्कोसुस झाला, म्हणजे ‘त्या चिकासारखा’, आणि फ्रेंचच्या वाटेने चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत शिरला. तेव्हा तुमचा कोश अगदीच चुकीचं सांगत नाही. जन्माने हा शब्द चिकटच आहे.
चिकाची कृती रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे, त्याच्या निसर्गविषयक ग्रंथाच्या १६व्या भागात. सुगीच्या दिवसांत कच्ची फळं तोडायची, वाळवायची, कुटायची आणि साधारण १२ दिवस पाण्यात कुजत ठेवायची. मग वाहत्या पाण्यात पुन्हा कुटून सालं काढून टाकायची, म्हणजे आतला गर तार धरतो. वापरायच्या वेळी तो अक्रोडाच्या तेलात मळून घ्यायचा. पक्ष्याचं पीस त्याला लागलं की सुटत नाही.
दोन इशारे. व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, याच्याशी व्हिस्कसचं काही नातं नाही. तो लॅटिनमधलाच पण वेगळा शब्द. आणि व्हायकाउंटच्या स्पेलिंगमध्ये हीच अक्षरं दिसली तरी तिथे व्हाइस अधिक काउंट आहे. या दोन्ही व्युत्पत्त्या व्हॉट्सॅपवर फिरत असतात.

रानवाटा
बांडगुळाचं थोडं स्पष्ट करतो, कारण आपल्या आंब्यावर दिसणारं आणि लॅटिनमधलं एक नव्हे. पुण्याच्या आसपास सर्रास दिसतं ते डेंड्रोफ्थी फाल्काटा. जाड चामट पानं, नळीसारखी नारिंगी फुलं. विस्कम प्रजातीच्या काही जाती सह्याद्रीतही आहेत. त्यातल्या विस्कम आर्टिक्युलेटमला पानंच दिसत नाहीत, नुसते चपटे हिरवे सांधे लोंबत असतात. दोघांची कुळंही वेगळी. विस्कमला आता चंदनाच्या कुळात धरतात.
पण चिकाची युक्ती दोघांकडे तीच. फळाची साल सोलली की बीभोवती एक पारदर्शक चिकट थर असतो. त्याचं शास्त्रीय नाव व्हिसिन, म्हणजे पुन्हा तोच विस्कुम. बी चिमटीत धरून बोटं लांब केली की बारीक धागा निघतो आणि वाळला की तुटता तुटत नाही. टिकेलचा फुलटोच्या हा जेमतेम आठ सेंटिमीटरचा पक्षी ही फळं खातो. बी कधी चोचीतून पिळून काढून फांदीला पुसतो, कधी गिळतो. गिळलेली बीही बाहेर पडते ती चिकासकटच, त्यामुळे ती झटकायला त्याला फांदीला अंग घासावं लागतं. म्हणजे पेरणी आपोआप झाली. सलीम अलींनी १९३१ साली कोकणातल्या निरीक्षणांवरून शिंजीर आणि फुलटोचे या बांडगुळाचा प्रसार कसा करतात यावर शोधनिबंध लिहिला होता.
ज्यांच्या दारच्या आंब्यावर आहे त्यांच्यासाठी: नुसतं ओरबाडून काढू नका, फांदीत रुतलेल्या शोषकमुळांतून ते परत फुटतं. जिथे गाठ दिसते तिच्या खोडाकडच्या बाजूला फूटभर अंतर सोडून फांदीच कापावी लागते, आणि तीही फळं पिकायच्या आत. महापालिका हद्दीत फांदी छाटायलाही उद्यान विभागाची परवानगी लागते, ते आधी उरकून घ्या.

कोशातला किडा
@रानवाटा, युरोपात फुलटोच्याचं काम एक कस्तुरवर्गीय पक्षी करतो. त्याचं शास्त्रीय नाव टुर्डस व्हिस्किव्होरस, शब्दशः ‘बांडगूळखाऊ’. रोमन लोकांत त्याच्यावरून म्हणच होती, की हा पक्षी स्वतःचं मरण स्वतःच हगतो. बी पेरणार तोच, त्यातून उगवलेल्या बांडगुळाच्या चिकात अडकणारही तोच. आपल्याकडे हे काम पायावरच्या धोंड्याने भागतं.

बी फोर कप
व्युत्पत्ती झकास, पण धागाकर्त्याची अडचण सुटलेली नाही. शब्द चिकातून आला म्हणून आजचा अर्थ चिकट ठरत नाही. तांत्रिक इंग्रजीत व्हिस्कस म्हणजे वाहायला आतून विरोध करणारा. न्यूटनने १६८७ साली हीच गोष्ट ‘द्रवाच्या भागांमधला निसरडेपणाचा अभाव’ अशी मांडली. म्हणजे द्रवाचा एक थर दुसऱ्यावरून सरकताना जी अडवणूक होते ती. द्रव हाताला चिकटतो की नाही, हा प्रश्नच त्यात नाही.
आकड्यांत बघा. २० अंश सेल्सिअसला पाणी सुमारे १ सेंटिपॉइज (व्हिस्कॉसिटी मोजायचं एकक). एरंडेल हजाराच्या आसपास. शुद्ध ग्लिसरीन साधारण १४००. म्हणजे ग्लिसरीन पाण्याच्या चौदाशेपट व्हिस्कस, पण त्याने दोन कागद जोडून दाखवा. सगळ्यात मोठा विनोद म्हणजे इंजिन ऑइल. त्याची अख्खी प्रतवारी व्हिस्कॉसिटीवर चालते. एसएई ही तेलाची प्रत: एसएई ४० म्हणजे १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (व्हिस्कॉसिटीचंच दुसरं एकक), एसएई ३० म्हणजे ९.३ ते १२.५. ट्वेंटी डब्ल्यू फॉर्टीमधला डब्ल्यू विंटरचा, तो थंडीतला वेगळा निकष. पक्षी अडकवायच्या चिकावरून आलेला शब्द आज भाग अडकू नयेत म्हणून ओतायच्या तेलावर छापला जातो.
उलट बाजूला पंक्चरचं सोल्यूशन. ट्यूबमधून काढल्यावर पळीवाढं असतं. पण पाच मिनिटं वाळू दिलं की जी पकड येते ती टॅक. पंक्चरवाला बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच टेकवून बघतो, बोटाला लागत नाही पण ओढ जाणवते, तेव्हाच पॅच लावतो. ओलं असताना लावला तर सॉल्व्हंट आत कोंडतो आणि पॅच कडेने उठतो.

मुठेकाठ
हे नेमकं हवं होतं. पेंट शॉपमध्ये व्हिस्कॉसिटी मोजतात ती कशी, तेही लिहाल का? पुस्तिकेत ती पायरी आहे आणि भाषांतरात ‘कप रिकामा होईपर्यंत वेळ मोजा’ असं केलं आहे.

बी फोर कप
ते वाक्य आधी खोडा. कप रिकामा होईपर्यंत नाही, धार तुटेपर्यंत.
बी-फोर कप म्हणजे १०० मिलीचा, तळाला शंकूसारखा निमुळता आणि ४ मिमीचं भोक असलेला कप. पद्धत अशी. माल नीट ढवळून गाळून घ्या. कप स्टँडवर समतल बसवा. भोकाला खालून बोट लावून काठोकाठ भरा, वरचा फेस किंवा फुगवटा काचपट्टीने सपाट करा. बुडबुडे वर यायला क्षणभर द्या. बोट काढताक्षणी स्टॉपवॉच सुरू. खाली पडणारी सलग धार पहिल्यांदा तुटली की बंद. त्यानंतर थेंब थेंब पडत राहतात ते मोजायचे नाहीत. आलेले सेकंद हीच तुमची व्हिस्कॉसिटी. नेहमीच्या एअर स्प्रे गनसाठी इनॅमल १८ ते २२ सेकंदांवर आणतात. ब्रशने मारायचा माल याच्या कितीतरी वर असतो.
चुकतं कुठे: आदल्या दिवशीचा रंग भोकात वाळलेला असतो आणि तो तारेने खरवडतात. एकदा भोकावर ओरखडा गेला की तो कप बाद. धुवायला थिनर आणि मऊ फडकं, एवढंच. दुसरं म्हणजे तापमान. आकडा ३० अंशांचा असेल आणि जानेवारीत सकाळी आठला माल १५ अंशांवर असेल तर सेकंद भरमसाट येणार. लोक थिनर ओततात, दुपारी शॉप तापल्यावर तोच माल पाण्यासारखा होतो आणि उभ्या पत्र्यावर ओघळ येतात. आधी माल आकड्यासोबत दिलेल्या तापमानाला येऊ द्या, मग मोजा. जास्त दाट मारला तर उलटी तक्रार, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो.
तिसरं, हा कप सरळ वागणाऱ्या द्रवांसाठी आहे. ढवळला की पातळ होणारा आणि ठेवला की थिजणारा माल, उदाहरणार्थ काही प्रायमर आणि जेल कोट, यात खोटा आकडा देतो.

पेठेतला पाणिनी
‘श्यानता सुचवू नये’ हे वाचलं, तरीही लिहितो. सुचवत नाही, उलट तक्रार करतो.
श्यै धातूचा अर्थ घट्ट होणे, थिजणे. पाणिनीचं सूत्र आहे ‘द्रवमूर्तिस्पर्शयोः श्यः’ (६.१.२४). पातळ पदार्थ थिजण्याचा अर्थ असेल किंवा थंड स्पर्शाचा, तर या धातूला संप्रसारण होतं, म्हणजे ‘य’च्या जागी ‘ई’ येते. थिजलेलं तूप म्हणून ‘शीनं घृतम्’, गार पाणी म्हणून शीत. संप्रसारण होत नाही त्याचं वृत्तिकारांनी दिलेलं उदाहरण आहे ‘संश्यानो वृश्चिकः’, म्हणजे अंग आखडून बसलेला विंचू. तेव्हा व्याकरणाच्या हिशेबाने द्रवाची ‘शीनता’ व्हायला हवी होती. परिभाषा करणाऱ्यांनी आपल्याला विंचवाची श्यानता दिली.
काही मराठी पाठ्यपुस्तकांत ‘विष्यंदिता’ आहे. विष्यंद म्हणजे पाझरणं, झिरपणं. म्हणजे एका शब्दात थिजणं आणि दुसऱ्यात वाहणं, आणि राशी मात्र एकच. परीक्षेला दोन्ही चालतात.

कोशातला किडा
@पाणिनी, इतकं काटेकोर नको. ‘श्यान’ रूप संस्कृतात घट्ट झालेल्या पदार्थासाठीही सापडतं, आणि परिभाषा ठरली की धातूला कोणी विचारत नाही. इंग्रजांनी तरी कुठे विचारलं? ‘स्टिक’ क्रियापदाचा जुना अर्थ भोसकणे, टोचणे. टोचलेली वस्तू अडकून राहते म्हणून ‘चिकटणे’. टॅक म्हणजे छोटा खिळा, टॅकी त्याच्याच घरातला. ग्लू आणि ग्लुटेन लॅटिन सरसावरून आलेले, आणि क्ले म्हणजे चिकणमाती हाही त्यांचा लांबचा भाऊबंद.
आणखी एक मजा. पक्षी धरायच्या चिकाला इंग्रजीत बर्डलाइम म्हणतात. त्यातला लाइम म्हणजे लिंबू नव्हे. तो जुन्या इंग्रजीतला ‘लीम’, अर्थ चिकटवायचा पदार्थ. जर्मनमध्ये सरसाला आजही लाइमच म्हणतात. विटा जोडतो म्हणून चुनाही लाइम. लिंबाचा लाइम अरबीतून आला, या दोघांचा संबंध नाही.

लक्ष्मी रोडकर
व्हिस्कोज कापड याच्यातच येतं ना? दुकानात रेयॉन म्हणून देतात ते.

कोशातला किडा
हो. १८९२ साली क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवून कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया केली की मधासारखं नारिंगी दाट द्रावण होतं. ते द्रावण व्हिस्कस म्हणून व्हिस्कोज. बारीक भोकांतून आम्लाच्या टाकीत सोडलं की धागा तयार. कापड स्वतः सुळसुळीत असतं, इस्त्री करताना टेबलावरून घसरतं.

डांबरी
रस्त्याचं उदाहरण राहिलं. डांबराच्या ड्रमवर व्हीजी-३० लिहिलेलं असतं, त्यातला व्ही व्हिस्कॉसिटीचा. ६० अंशांना ती २४०० ते ३६०० पॉइज (एक पॉइज म्हणजे १०० सेंटिपॉइज) बसायला हवी; व्हीजी-१० ला ८०० ते १२००. साठच का, तर उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग तेवढा तापू शकतो. या तापमानाला डांबर पातळ पडलं तर सिग्नलपाशी बसच्या चाकांखाली लाटा उठतात. मिक्स करताना मात्र १५० ते १६५ अंशांपर्यंत तापवून मुद्दाम पातळ करावं लागतं, नाहीतर खडीला सगळीकडून लेप बसत नाही.
इथे चिकट आणि दाट यातला फरक साइटवरच दिसतो. जुन्या थरावर आधी पातळ इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, फवारतात, त्याला टॅक कोट म्हणतात. ते पाण्यासारखं वाहतं, पण वरचा थर धरून ठेवायचं काम तेच करतं. तपकिरी फवारा काळा पडेपर्यंत, म्हणजे पाणी सुटेपर्यंत थांबायचं. घाईत तपकिरीवरच माल टाकला, किंवा धुळीवर फवारलं, की पहिल्या पावसात वरचा थर पापडासारखा निघतो. पुण्यात हे पाहायला फार लांब जावं लागत नाही.
आणि टोक बघायचं असेल तर ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठातलं डांबराचं नरसाळं. १९२७ मध्ये भरलं, १९३० मध्ये खालचं तोंड कापलं, २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले. हातोडी मारली तर त्या पदार्थाचे काचेसारखे तुकडे होतात. हाताला चिकटत नाही, तरी वाहतो.

पाकघर
स्वयंपाकघरातून थोडी भर. पाकात दाटपणा आणि चिकटपणा दोन्ही बरोबर वाढतात, म्हणून आपली गल्लत होते. साखरेचं प्रमाण वजनाने ५० टक्के असेल तर २० अंशांना सुमारे १५ सेंटिपॉइज, ६० टक्क्यांना ५८ च्या आसपास, ७० टक्क्यांना थेट ४८० च्या पुढे. शेवटच्या दहा टक्क्यांत आठपट. एकतारी म्हणता म्हणता पाक पुढे जातो तो याच कारणाने, आणि गॅस बंद केल्यावरही गरम पातेल्यात पाणी उडत राहतं.
तार बघताना पाक थेट पातेल्यातून चिमटीत घेऊ नये. एक तर भाजतं, दुसरं म्हणजे गरम पाक असतो त्यापेक्षा पातळ वाटतो. ताटलीवर थेंब टाकून, कोमट झाल्यावर अंगठा आणि तर्जनीत धरून सावकाश लांब करावा. एक तार निघून न तुटता थांबली तर एकतारी. गोळीबंदसाठी वाटीत गार पाणी, त्यात थेंब, बोटांनी मऊ गोळी वळली पाहिजे. चिक्कीला त्याच्याही पुढे: पाण्यातली गोळी वाटीच्या कडेवर आपटली की टणकन वाजली आणि मोडताना कट्‌कन तुटली पाहिजे. ती नुसती वाकली तर चिक्की दाताला चिकटणार, म्हणजे अजून पाणी आत आहे. गूळही चिक्कीचाच घ्यावा, साध्या गुळाचा पाक करपेपर्यंत नेला तरी कडक होईल याची खात्री नाही.
थर्मामीटर वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पुस्तकात गोळीबंद ११२ ते ११६ दिलं असेल तर इथे दोन अंश आधी थांबायचं. त्याआधी उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून तो किती दाखवतो ते बघावं, बहुतेक स्वस्त थर्मामीटर तिथेच नापास होतात.

वैद्यबुवा
हा फरक आयुर्वेदाने आधीच केला आहे. गुर्वादी वीस गुणांच्या दहा जोड्या आहेत. त्यात सांद्र-द्रव ही एक जोडी, विशद-पिच्छिल ही दुसरी. सांद्र म्हणजे दाट, उलट द्रव. पिच्छिल म्हणजे बुळबुळीत-चिकट, उलट विशद, स्वच्छ मोकळा. दही सांद्र आहे, भेंडीची तार पिच्छिल. मुठेकाठ, तुमचा व्हिस्कस सांद्रच्या बाजूला बसतो, त्याचा लॅटिन आजोबा पिच्छिलच्या.

पाकघर
@वैद्यबुवा, पिच्छिल म्हटलं की भोकर! लोणच्यासाठी कच्चं भोकर बत्त्याने हलकं ठेचतात आणि टोकाला मीठ लावलेल्या काडीने बी उकरून काढतात. बीभोवतीचा चीक मिठाने सुटतो. कोरड्या बोटांनी काढायला गेलं तर बी हाताला, हात भोकराला आणि दोन्ही ताटाला. आत मीठ चोळून थोडा वेळ ठेवायचं, सुटलेला चिकट रस टाकून द्यायचा, मग कैरीचा कीस आणि मसाला भरायचा. चीक राहिला तर लोणचं तार धरतं आणि लवकर बिघडतं.
भेंडीचंही तेच तत्त्व, फक्त तिथे पाणी शत्रू. धुऊन पूर्ण पुसायची, मग चिरायची. झाकण नाही, मीठ शेवटी, आणि आमसूल किंवा लिंबू पडलं की तार मोडते.

कोशातला किडा
भोकराचा उल्लेख आला म्हणून. त्याच्या एका जातीचं नाव कॉर्डिया मिक्सा. ग्रीक मिक्सा म्हणजे शेंबूड. इंग्रजीतला म्यूकस याच गोतावळ्यातला. आणि भोकराच्या गरापासूनही पश्चिम आशियात पक्षी धरायचा चीक करत असत. झाड दुसरं, धंदा तोच. संस्कृत नावही श्लेष्मातक, म्हणजे तिथेही शेंबूडच.

बाइंडिंगवाला
अप्पा बळवंत चौकात एवढी पुस्तकं, आणि खळीचा विषय नाही? दाट म्हणजे जास्त चिकट हा गैरसमज खळीत सगळ्यात महाग पडतो.
प्रमाण: १ वाटी मैदा, १ वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा. वेगळं ४ वाट्या पाणी उकळायचं, त्यात कालवण धार धरून सोडायचं, सतत ढवळायचं. कोरडा मैदा गरम पाण्यात टाकला की गुठळी बाहेरून शिजते, आत पांढरी पूड राहते, ती कधीच जात नाही. साधारण पाच-सात मिनिटांत पांढरट रंग जाऊन खळ काचेसारखी झळकायला लागते, तेव्हा ती शिजली. कच्ची खळ दाट दिसते पण वाळल्यावर भुगा होऊन सुटते. गाळून घ्यायची. कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, त्यामुळे भांडं आणि गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.
पुठ्ठ्यावर कापड लावताना खळ जरा दाट चालते. पण आतल्या कोऱ्या पानासाठी ती पाणी घालून साईइतकी पातळ करावी लागते. पातळ खळ कागदाच्या धाग्यांत शिरते आणि धरते. दाट खळ वर थर करून बसते, कागद ओढला जाऊन सुरकुत्या पडतात आणि पुठ्ठा वाळताना वाकतो. सरसाचं उलट: तो गरम असतानाच पातळ, गार झाला की थिजतो, म्हणून पाण्याच्या भांड्यात सरसाचं भांडं ठेवून तापवायचा, थेट आचेवर कधीच नाही. जास्त तापला की पकड जाते आणि वास मात्र राहतो.

मुठेकाठ
सगळ्यांचे आभार. आतापर्यंतचं धरून असं करतोय: व्हिस्कस = दाट, व्हिस्कॉसिटी = दाटपणा, स्टिकी = चिकट, टॅकी = ? ‘अर्धवट वाळलेलं’ लिहिलं तर पकडीचा अर्थ जातो.

बी फोर कप
दाट शंभर टक्के. शॉपमध्ये ‘माल दाट आहे, पातळ कर’ असंच म्हणतात, कोणाला समजावावं लागत नाही. एक सावधगिरी, डेन्सिटी कुठे आली तर तिथे दाट वापरू नका, घनता लिहा. तेल पाण्यापेक्षा दाट असूनही पाण्यावर तरंगतं, वाचणारा तिथे अडखळेल.
टॅकीला एक शब्द शोधत बसू नका, स्थिती लिहा. सनमायका लावायच्या सोल्यूशनसाठी: ‘दोन्ही पृष्ठभागांवर सारखा हात मारा. १० ते १५ मिनिटं वाळू द्या. बोट टेकवल्यावर ओढ लागते पण बोटाला माल येत नाही, तेव्हाच जोडा.’ पुण्याच्या पावसाळ्यात वेळ वाढतो, म्हणून मिनिटांपेक्षा बोटाची खूण महत्त्वाची हेही टाका. लवकर जोडलं तर मधे फुगे येतात, उशीर झाला तर पकडच बसत नाही आणि हातोडीने ठोकूनही उपयोग नाही.
रंगाच्या पानावर टॅकीचा अर्थ उलट आहे, तिथे ती वाट बघायची खूण. ‘हाताला ओढ लागत असेल तर दुसरा हात मारू नका.’

पेठेतला पाणिनी
‘दुसरा हात’, ‘हाताला ओढ’, ‘हात मारू नका’. एका वाक्यात इतके हात नकोत. ‘बोटाला ओढ लागत असेल तर दुसरा कोट देऊ नका’ करा. कोट सगळ्यांना कळतो.

मुठेकाठ
मान्य. आणि थिनरचं वाक्य: ‘माल दाट वाटल्यास थिनर घालून पातळ करा.’ चालेल?

बी फोर कप
‘वाटल्यास’ काढा, वाटण्यावर माल बिघडतो. ‘बी-फोर कपमध्ये ३० अंशांना २२ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागल्यास एका वेळी ५ टक्के थिनर घाला, दोन मिनिटं ढवळा, पुन्हा मोजा. डब्यावर दिलेल्या कमाल प्रमाणाच्या पुढे जाऊ नका.’ कमाल आकडा प्रत्येक मालाचा वेगळा असतो, तो कंपनीच्या पत्रकातून घ्या, अंदाजाने लिहू नका.